अर्धा इंच सैल

शुक्रवारी संध्याकाळी शिंपीणबाईंनी दुकानात तिघांना अनवाणी भिंतीला टेकवून उभं केलं आणि प्रत्येकाच्या पायाची आतली लांबी मोजली. पॅण्टींसाठी नव्हे, सायकलींसाठी. सीट किती उंच हवी याचं गणित दातांच्या डॉक्टरांनी कुठूनतरी शोधून आणलं होतं, आणि टेप हातात धरण्याचा मान अर्थातच बाईंचा.

"माप आजच्या आज मिळेल ना?" डॉक्टरांनी विचारलं. त्यांची पॅण्ट तीन आठवडे दुकानात अडकली होती.

"सायकलीचं मिळेल," बाई म्हणाल्या.

डॉक्टर, निवृत्त पोस्टमनकाका, बँकेत कॅशियर असलेली नणंद आणि बाई, अशी ही चौकडी दर रविवारी सायकली घेऊन बाहेर पडायची. बावन्नाव्या वर्षी बाईंनी सायकल घेतली तेव्हा नवरा म्हणाला होता, "आता हे काय नवीन?"

"तीस वर्षं मशीनवर पाय मारतेय, जागची हलले नाही. बघते तरी कुठे पोचते ते."

पुढच्या महिन्यात दोनशे किलोमीटरची मोठी राइड होती. फॉर्म भरायला येता रविवार शेवटचा दिवस. डॉक्टरांनी नियम केला होता: नव्वद किलोमीटरची चक्कर दुपारी एकच्या आत पुरी करायची आणि मधल्या घाटात पाय जमिनीला टेकवायचा नाही, जमलं तरच फॉर्मवर नाव. बाकी तिघांनी ते आधीच करून दाखवलं होतं. बाई दोनदा घाटात उतरून सायकल ढकलत वर गेल्या होत्या. ही तिसरी आणि शेवटची संधी.

रविवारी सकाळी सहाला निघाले. आणि काय नवल, बाई पुढे! टेकड्या येत होत्या, जात होत्या, आणि दरवेळी माथ्यावर थांबून बाईच मागच्यांची वाट बघत होत्या.

"वहिनी, काय खाऊन आलीस?" नणंद धापा टाकत ओरडली.

"तुझ्या भावाची बोलणी!"

चहाच्या टपरीवर मात्र तिघं बाकावर नीट बसूही शकेनात. डॉक्टर कंबर धरून उभे. काका म्हणाले, "चाळीस वर्षं टपाल वाटलं, पण असं कधी झालं नाही. पाय पोचतच नाहीयेत पोरी, नुसता डोलतोय मी सीटवर."

बाईंच्या हातातला कप ओठापर्यंत जाऊन थांबला. पाय पोचत नाहीत. तिघांचेही. शुक्रवारची वही त्यांच्या डोळ्यांपुढे आली. लांबी घेतली की अर्धा इंच वाढवून लिहायचा, कारण धुतल्यावर कापड आटतं. तीस वर्षांची सवय. तिघांच्याही मापात तो अर्धा इंच बसला होता, आणि तिघांच्याही सीटा त्या मापाने वर चढल्या होत्या. स्वतःचं माप तेवढं बाईंनी घेतलं नव्हतं. ते त्या कधीच घेत नसत. ब्लाउजसुद्धा जुना समोर ठेवून बेतायच्या.

घाट तीन किलोमीटरवर होता. गप्प राहिलं तर एकच्या आत आरामात पोचणार होत्या. त्यांनी उरलेला चहा एका घोटात संपवला.

"उठा. तिघांच्याही सीटा खाली घ्यायच्यात. चूक माझी आहे."

सगळं ऐकून नणंद कपाळाला हात लावून हसत सुटली. "अगं वहिनी, लोखंड आटतं का धुतल्यावर!"

"तुम्ही व्हा पुढे," डॉक्टर म्हणाले. "आम्ही करतो."

"कपडा दुकानाने बिघडवला, तर दुकानच उसवून देणार." बाईंनी पाना काढला. दोन सीटा झटक्यात उतरल्या. काकांच्या सायकलीचा नट मात्र काकांइतकाच जुना; गंजलेला, त्यात सीट चढवताना काकांनी जीव खाऊन आवळलेला. तो हलेपर्यंत पंचवीस मिनिटं गेली.

घाटात तिघं सुसाट पुढे गेले. बाईंनी वर बघितलंच नाही. लांब कापडाला शिलाई घालताना त्या कधी टोकाकडे बघत नसत. बघितलं की हात घाई करतो. रस्त्याच्या कडेचा पांढरा पट्टा धरून त्या काठाने चालवत राहिल्या. एका वळणावर मांड्या थरथरायला लागल्या, सायकल वेडीवाकडी झाली, पण पाय खाली आला नाही. मग पट्टा अचानक सपाट झाला आणि समोर नुसतं आभाळ.

दुकानापाशी पोचल्या तेव्हा तिघं पायरीवर बसले होते. डॉक्टरांनी घड्याळ पुढे केलं.

"एक वाजून दहा."

"पाय नाही टेकला," बाई म्हणाल्या.

"अहो, पंचवीस मिनिटं तर माझ्या नटाने खाल्ली," काका म्हणाले.

डॉक्टर गंभीरपणे विचार करत राहिले. "माझी पॅण्ट तीन आठवडे. त्यापुढे दहा मिनिटं म्हणजे…"

"उद्या देते पॅण्ट."

"तुमचा उद्या मला चांगला माहितीये." त्यांनी मोबाइलवर फॉर्म उघडला आणि बाईंचं नाव भरलं. "टी-शर्ट मिळणार आहे. छातीचं माप सांगा."

आयुष्यात पहिल्यांदाच बाईंना एखादं माप सांगता येईना.

नणंदेने दुकानात जाऊन मशीनवरचा टेप आणला. "हात वर कर वहिनी. आणि श्वास आत ओढू नकोस, मी ओळखते तुला."

घामाने भिजलेले दोन्ही हात वर करून बाई आपल्याच दुकानासमोर उभ्या राहिल्या.

"अर्धा इंच सैल धर गं," त्या म्हणाल्या.