नितीनची मूठ

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. आईपाशी नाही, मित्रांपाशी नाही, आणि ज्याच्यापाशी सगळ्यात आधी बोलायला हवं होतं त्याच्यापाशी तर नाहीच. तुम्ही माझे कुणी लागत नाही, म्हणून कदाचित तोंड उघडतंय.

आधी माझा राग ऐका. वीसेक वर्षं सिडनीत काढून मी धुळ्याला कायमचा परतलो, त्याला आता पाच-सहा वर्षं झाली. देवपुरात फ्लॅट घेतला, आईला आणलं. तेव्हापासून लोकांनी माझं जे कौतुक चालवलंय! मातीची ओढ म्हणे. संस्कार म्हणे. आईसाठी सगळं सोडून आला म्हणे! कॉलनीवाल्यांनी शाल-नारळ देऊन सत्कारसुद्धा केला, आणि मीही मान खाली घालून घेतला. अहो, कसली माती आणि कसले संस्कार? तिकडे मी एका तिकडच्याच बाईशी नोंदणी करून लग्न केलं होतं. चांगला संसार होता. तो मोडला, मग त्या शहरात राहवेना — म्हणून आलो. लग्नाचं इथे कुणालाच सांगितलं नव्हतं. आई फोनवर विचारायची, जेवलास का? मी हो म्हणायचो. वाढणारी शेजारीच बसलेली असायची. इथे मात्र मी सडाफटिंग ब्रह्मचारी!

पण मला सांगायचंय ते हेही नाही. हे नुसतं लपवणं झालं.

माझा धाकटा भाऊ नितीन जळगावला मेहरूणमध्ये राहतो. त्याची बायको सुजाता बौद्ध घरातली, शाळेत गणित शिकवते. नितीनने काही लपवलं नाही. घरोघरी जाऊन पत्रिका दिल्या, म्हणाला, या लग्नाला. हाच त्याचा गुन्हा. त्या वर्षापासून भाऊबंदांनी त्याची मूठ बंद केली.

मूठ म्हणजे काय, ते सांगतो. आमच्या खानदेशात श्रावणात कानबाई देवी बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी गहू काढताना घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ घेतात. ते गहू दळून रोट होतात आणि रोट फक्त भाऊबंदांनी खायचे. ज्याची मूठ नाही, तो घरचा नाही.

आणि माझी मूठ? मी साता समुद्रापलीकडे असताना एका वर्षीही चुकली नाही! मी कुणासोबत राहतो, कुणाच्या हातचं खातो — विचारलं कुणी? देवीला सिडनी दिसत नाही वाटतं! आठवलं की अजून डोकं तापतं. तिकडच्या मराठी मंडळींच्या जेवणावळीत मी जातीपातीवर किती तावातावाने बोलायचो. बोलायला काय जातं?

परतल्यावरच्या पहिल्याच श्रावणातली गोष्ट. जुन्या धुळ्यात नानांच्या, म्हणजे थोरल्या काकांच्या घरी सगळे जमलो होतो. आई परात घेऊन गव्हाच्या पोत्याशी बसली होती. नाना थकले होते, आणि — हे मला तेव्हाच कळलं होतं — नरमलेही होते. सगळ्यांसमोर मला म्हणाले, "तू बठ्ठं जग देखी उना. मोठा शे तू. सांग, नितीननी मूठ लेवानी का नही? तू सांगशी तसं करूत."

आईने माझ्या उत्तराची वाटही पाहिली नाही. "मना पोऱ्या शे तो बी," म्हणाली आणि पोत्यात हात घालून तिने मूठ भरली.

एक शब्द हवा होता. घ्या — एवढाच. कोण अडवणार होतं मला? पण माझ्या मनात काय आलं सांगू? आज नितीनचं निघालं तर उद्या माझं निघेल. काकू विचारेल, तुला रे एवढा पुळका कशाचा? तू काय दिवे लावलेस तिकडे? कशाला हात दाखवून अवलक्षण? आणि मी — जग बघून आलेला मी — म्हणालो, "रीत आहे ती, नाना. आपण कशाला मोडायची?"

आईने मूठ उघडली. गहू पोत्यात परत पडले. मग त्याच हाताने तिने माझी सव्वा मूठ काढली.

रोट मी पोटभर खाल्ले. खिरीशी.

इतकी वर्षं भाऊबंदांना शिव्या दिल्या मी, अजूनही देतो. पण त्या दिवशी म्हातारा दार उघडायला बसला होता, हो! लावून घेतलं ते मी.

एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ... नाही, तरीही नाहीच. सोमवारी पांझरा नदीवर कानबाईला निरोप देऊन घरी आलो, तर नितीन आणि सुजाता आईला भेटायला आलेले. आई आत गेली. नितीन माझ्याजवळ आला. म्हणाला, "भाऊ, तू बोलला असशील माझ्यासाठी, मला माहीत आहे. नाना ऐकणारे नाहीत. मनाला लावून घेऊ नको."

काय बोललो असेन मी?

"खूप बोललो रे," मी म्हणालो. "नाना ऐकतच नाहीत."

त्यानंतर नितीन नानांच्या दारात गेला नाही. मागच्या हिवाळ्यात नाना गेले. नितीन खांदा द्यायला आला नाही. लोक त्याला नावं ठेवतात, पुतण्या असून फिरकला नाही म्हणतात. मी ऐकून घेतो. माझ्याकडे मात्र तो रविवारचा येतो, सुजाताने भाऊंसाठी म्हणून दिलेला डबा घेऊन.

मी खातो.