सत्तरच्या पुढच्या महिला

आमचे हे शाळेतून निवृत्त झाले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी सहाला त्यांनी मला उठवलं. "उठ गो, फिराक जावया." मी तेव्हा अजून नोकरीत होते. तहसील कार्यालयात तीस वर्षं खुर्चीवर बसून माझं अंग जड झालं होतं आणि सकाळी सहा ही वेळ मी फक्त डबा करण्यासाठी पाहिली होती. कुरकुरत उठले. त्या दिवसापासून आम्ही रोज फिरायला जाऊ लागलो. बारा वर्षं गेलो.

एकत्र गेलो म्हणणं खरं तर चूक आहे. हे पुढे असत आणि मी मागे. देवळापर्यंत त्यांची पाठ दिसायची, मग रस्ता वळला की तीही दिसेनाशी व्हायची. तिथून सुरूच्या बनाच्या कडेने डांबरी रस्ता जातो आणि शेवटी खाडीवरचा पूल येतो. मी बनाजवळच्या एसटीच्या थांब्यापर्यंत जायची आणि तिथल्या बाकावर टेकायची. वीस-पंचवीस मिनिटांनी हे येत. "पलीकडच्या वाडीपर्यंत जावन इलंय," असं सांगत. "तू हंयच बसलंस?" मग आम्ही परत फिरायचो आणि हे पुन्हा पुढे. गावात सगळे म्हणायचे, मास्तरांचं चालणं म्हणजे बघत राहावं. मलाही अभिमान वाटायचा आणि थोडा रागही यायचा. एक दिवस तरी माझ्या पावलाने चालतील, असं वाटायचं. तसं मी कधी बोलले नाही.

दोन वर्षांपूर्वी, दुपारी जेवून हे आडवे झाले ते उठलेच नाहीत. पुण्याची मुलगी आली, पंधरा दिवस राहिली. जाताना म्हणाली, "आई, चल माझ्याबरोबर." चौथ्या मजल्यावरच्या त्या घरात मी एकदा महिनाभर राहिले आहे. दिवसभर मुलगी-जावई दोघंही कामावर, आणि मी टीव्हीसमोर. मी म्हटलं, बघू नंतर. ती गेली आणि मी चालणं सोडलं. कुणी उठवणारं नव्हतं. सकाळी जाग यायची ती सहालाच, पण मी तशीच पडून राहायची, माडाच्या झावळ्यांचा आवाज ऐकत. एकटीपुरता भात लावायचा, तोही कधी कधी दोन वेळचा एकदमच. दुपारी झोपायचं, संध्याकाळी पायरीवर बसायचं.

वर्षभराने कुडाळला तपासणीला गेले. डॉक्टरबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. कागद बघून त्यांनी चष्मा काढला.

"काकू, साखर खूप वाढलीय. वजनही. पूर्वी तुम्ही चालायला जायचात ना?"

"जायची. हे न्यायचे."

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. मग म्हणाल्या, "आता तुम्हीच तुम्हाला न्यायचं. रोज पाऊण तास. मी पुढच्या वेळी विचारणार आहे."

मी गेले. पहिल्या दिवशी देवळापर्यंतसुद्धा दम लागला. पण त्याहून अवघड होतं ते लोकांचं बघणं. अंगण झाडणारी प्रत्येक बाई विचारायची, "काय गो, एकटीच?" वाईट हेतूने कुणी विचारत नव्हतं. तरी रोज सकाळी सहा-सात वेळा 'होय' म्हणायचं म्हणजे काय, ते मला आधी माहीत नव्हतं. आणखी एक गोष्ट कळली. माझं स्वतःचं पाऊल कसं आहे, हेच मला ठाऊक नव्हतं. पुढे कुणाची पाठ नसली की किती भरभर जायचं, कुठे थांबायचं, काहीच सुचत नाही. कधी मी उगाच धावल्यासारखी चालायची, कधी मध्येच उभी राहायची.

दोन-अडीच महिन्यांनी एसटीच्या थांब्यापर्यंत न थांबता पोचले. बाकावर बसणार होते, पण बसले नाही. तशीच पुढे गेले. बारा वर्षांत मी तो पूल पायी पाहिला नव्हता. गाडीतून शेकडो वेळा गेले असेन, पण पायी पहिल्यांदाच.

पुलाच्या कठड्याला टेकून एक म्हातारा गळ टाकून बसला होता. आमच्याच गावचा, पूर्वी होडी चालवायचा. मला बघून तो उठायला लागला.

"वयनी, तुमी? हंयसर?"

"जरा फिराक इलंय."

"बसा, बसा. मास्तर हंयच बसत." त्याने शेजारच्या दगडी कट्ट्यावरची धूळ हाताने झाडली.

मी म्हटलं, "ते खंयचे बसत? ते पलीकडच्या वाडीपर्यंत जात."

तो माझ्याकडे वळला. गळाची दोरी त्याच्या बोटांत तशीच होती. "नाय वो," तो हळू म्हणाला. "सुरवातीक जात, पाच-सा वर्सां. मगे नाय. मगे हंय बसत. धाप लागा त्येंका. छातीयेर हात ठेवन बसत, बरा वाटला की उठत. मी म्हटलंय दोनदा, मास्तरानु, डाक्टराक दाखवा. तर म्हणत, काय नाय रे, वय झाला. माका वाटला तुमका म्हायत आसतला."

मला माहीत नव्हतं. मी त्या कट्ट्यावर बसले. ओहोटी लागली होती आणि खाडीच्या चिखलात बगळे पाय उचलून उचलून चालत होते. मग त्याने गळ गुंडाळला आणि मला थांब्यापर्यंत सोबत केली.

त्यानंतर आठ-दहा दिवस मी घराबाहेर पडले नाही. आधी फक्त राग आला. जो माणूस माझ्या औषधांच्या गोळ्या मोजून ठेवायचा, त्याने स्वतःचं एवढं लपवावं? आणि मी, थोड्याच अंतरावर, बाकावर बसून राहिले होते. पंचवीस मिनिटं. रोज. एक दिवस जरी पुढे चालत गेले असते तर. हे 'तर' कुणाला सांगायचं? मुलीला सांगितलं नाही. तिला उगाच तीच टोचणी कशाला. बाकी सांगण्यासारखं कुणी घरात नव्हतं.

शेवटी एका सकाळी घरात बसून राहणंच असह्य झालं आणि मी चपला घातल्या. पूल गाठला, आणि पूल ओलांडून पलीकडच्या वाडीपर्यंत गेले. तिथे काही नाही. एक पिंपळ, एक बंद दुकान आणि दोन कुत्री. तिथून परत आले. तेव्हापासून रोज तेवढं चालते.

गेल्या हिवाळ्यात तालुक्याच्या ज्येष्ठ नागरिक संघाने मैदानावर चालण्याची स्पर्धा ठेवली. बातमी मुलीने फोनवर वाचली आणि मला न विचारता नाव दिलं. 'सत्तरच्या पुढच्या महिला', चार फेऱ्या. मी पांढरे बूट घेतले, साडीऐवजी पंजाबी ड्रेस घातला आणि रिक्षाने गेले. मैदानावर मांडव, चहा, लाऊडस्पीकर. साठीच्या पुरुषांची स्पर्धा झाली, बायकांची झाली. भरपूर हशा, ओळखीच्यांचा आरडाओरडा. मग आमच्या गटाचा पुकारा झाला आणि मी एकटीच उठून उभी राहिले.

आणखी दोघींनी नावं दिली होती. एकीच्या घरी पाहुणे आले, दुसरीचा गुडघा सुजला. माइक हातात घेतलेले निवृत्त मुख्याध्यापक माझ्याजवळ आले. ते आमच्या ह्यांना ओळखत होते.

"वयनी, तुमी चालाक नको. नंबर तुमचोच. हंय बसा, च्या घेवा."

"नाय," मी म्हटलं. "चालाक इलंय, चालतलंय."

"एकटीच?"

तो शब्द मी इतक्या वेळा ऐकला होता की मला हसू आलं. "होय, एकटीच."

त्यांनी शिट्टी वाजवली. पहिल्या फेरीत मांडवातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या फेरीत टाळ्या कमी झाल्या, कारण चहाबरोबर कांदाभजी आली होती. तिसऱ्या फेरीत माझ्याकडे कुणीच बघत नव्हतं. आणि तेव्हा मला एकदम बरं वाटलं. पाय आपोआप पडत होते. पुढे पाठ नव्हती, मागे कुणाची चाहूल नव्हती. श्वास नीट होता. हेच ते माझं पाऊल, मला वाटलं. ना भरभर, ना हळू. सत्तर वर्षांनी सापडलं आणि दाखवायला कुणी नाही. चौथ्या फेरीत मी मुद्दाम सावकाश चालले. संपलं की रिक्षा करून घरी जायचं होतं, कुलूप उघडायचं होतं.

पहिला नंबर जाहीर झाला. एक शाल, नारळ आणि प्रमाणपत्र मिळालं. मुख्याध्यापकांनी माइकवरून सांगितलं, "आपल्या मास्तरांच्या पत्नी." पुन्हा टाळ्या झाल्या.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. जावयाबरोबर ऑफिसातून घरी जाताना गाडीत होती, मागे हॉर्नचे आवाज.

"आई! काय झालं?"

"पहिली आले."

"काय सांगतेस! अगं वा! किती जणी होत्या?"

मी प्रमाणपत्राकडे पाहिलं. त्यावर संख्या लिहिलेली नव्हती.

"होत्या बऱ्याच," मी म्हटलं.

ती इतकी हसली, इतकी खूश झाली, जावयाला तिथल्या तिथे सांगितलं. फोन ठेवल्यावर मी घंगाळात गरम पाणी घेतलं, त्यात मीठ टाकलं आणि पाय सोडून बसले. पाणी गार होईपर्यंत उठले नाही.