डावखुऱ्याला सोडलं तेव्हा

परवा टीव्हीवर चार शहाणे कोट घालून भांडत होते. दोघं म्हणत होते, म्हातारे झालेले खेळाडू काढा आणि नवी टीम बांधा. दुसरे दोघं म्हणत होते, अनुभवाला किंमत आहे. मी टीव्ही बंद केला. असलं भांडण मी आमच्या घरात जेवणाच्या ताटावर बघितलंय. त्यात कुणीच जिंकत नाही, हे त्या चौघांना कोण सांगणार.

बायको असती तर म्हणाली असती, "अहो, त्यांना बोलायचे पैसे मिळतात, बोलू द्या की." ती जाऊन वर्ष होईल आता. घरात दुसरं माणूस नाही, म्हणून वहीशी बोलतोय. चौथी शिकलेल्या माणसाचं लिहिणं जसं असेल तसं आहे.

आखातात, अल ऐनला मी एका बांधकाम कंपनीच्या गॅरेजात डेंटर म्हणून लागलो. ठोकलेल्या गाड्यांचे पत्रे सरळ करायचे. पुढे फोरमन झालो, म्हणून बायकोला नेता आलं. तिकडे पगार एका रेषेच्या वर असला की बायकापोरं आणता येतात. रेषेच्या खाली असला तर दोन वर्षांनी सुट्टीला यायचं आणि आपल्याच घरात पाहुण्यासारखं राहायचं. मी रेषेच्या जरा वर होतो. पण आम्हाला मूल झालं नाही. दोन खोल्यांचा फ्लॅट, मी दिवसभर गॅरेजात आणि ती भिंतीकडे बघत. शुक्रवार आला की मात्र घर भरायचं.

कारण शुक्रवारी मॅच. कंपनीची टीम होती आणि मी विकेटकीपर. ग्राउंड म्हणजे लेबर कॅम्पच्या मागची वाळू-खडी, मधे सिमेंटचं पिच, त्यावर काथ्याची मॅट अंथरून कडेने खिळे ठोकायचे. उजाडताना सुरू करायचं आणि दुपारच्या नमाजाच्या आत संपवायचं. मग सगळे आमच्याकडे जेवायला. खोर फक्कानच्या बंदराकडे आमचा एक ट्रक जायचा, त्याचा ड्रायव्हर बर्फात घालून मासळी आणायचा. बायको आदल्या दिवशीच मसाला वाटून ठेवायची.

टीममध्ये खरे खेळाडू दोनच. एक डावखुरा, कुडाळकडचा, इलेक्ट्रिशियन. असा फास्ट टाकायचा की माझे तळवे संध्याकाळपर्यंत लाल असायचे. बायको आणि दोन मुली गावाला. पगार रेषेच्या खाली. दुसरा वसईचा कॅथलिक, कॅम्पच्या मेसचा सुपरवायझर. बॅट त्याची बोलायची आणि तोंड त्याहून जास्त. बाकी आम्ही नऊ जण म्हणजे गाडीवरची पुट्टी. लांबून चांगली दिसते, बोट लावलं की कळतं.

पाच-सहा वर्षं या दोघांच्या जिवावर आम्ही कप आणले. मग लागली उतरती. दोघं चाळिशीला आले. वसईकराला दुसरी रन धावताना दम लागायचा. दोन सीझन लागोपाठ आम्ही तळाला राहिलो.

कंपनीतला एक इंजिनियर, पुण्याचा, टीमचा प्रेसिडेंट होता. त्याला आम्ही साहेब म्हणायचो. माणूस वाईट नव्हता. एका शुक्रवारी हरून आल्यावर जेवताजेवताच त्याने विषय काढला. दुबईच्या एका कंपनीला हे दोघं हवे होते. त्यांच्याकडे मोठी टुर्नामेंट होती आणि अनुभवी माणसं नव्हती. बदल्यात ते तीन तरुण पोरं देणार होते, बावीस-तेवीसची. तिकडे कंपनी बदलायची तर जुन्या कंपनीची एनओसी लागते. ती नसेल तर पासपोर्टवर शिक्का मारून घरी पाठवतात. एनओसी द्यायची की नाही हे साहेबाच्या शिफारशीवर होतं.

"आज यांना मार्केट आहे," साहेब म्हणाला. "नेक्स्ट इयर कोणी विचारणार नाही. प्रॅक्टिकल व्हा. दोन सीझन मार खाऊ, पण टीम उभी राहील."

वसईकर माशाचा काटा काढत म्हणाला, "वहिनी, बघा. सेकंडहँड कोरोला झाली आमची. साहेब, मुल्कियाचे कागद तरी रिन्यू करून देणार की तसंच?"

सगळे हसले. डावखुरा हसला नाही. तो भात कालवत राहिला.

मी सरळ बोललो. "साहेब, गाडीचं इंजिन विकून नवे टायर घ्यायचे, याला टीम बांधणं म्हणत नाहीत. ती तीन पोरं इथे कशाला टिकतील? अल ऐनला काय आहे? खजुराची झाडं आणि आम्ही. चार महिन्यांत दुबईला परत पळतील."

"मग काय करू? यांच्या गुडघ्यांना तेल लावत बसू?"

"लावा. हरायचंच आहे तर आपल्या माणसांबरोबर हरू."

साहेब म्हणाला, विचार करा. जाताना बायकोला म्हणाला, कालवण फर्स्टक्लास.

दोन दिवसांनी डावखुरा एकटाच घरी आला. चप्पल दारात काढून उभाच राहिला. मी म्हटलं, बस की. बसला. बायकोने चहा ठेवला.

"भाऊ, तुम्ही माझ्यासाठी भांडलात," तो म्हणाला. "पण मला जाऊ द्या."

मी उठून पंखा वाढवला.

"तिकडे फॅमिली स्टेटस देतायत, बायकोपोरींना आणता येईल. प्रोबेशन झालं की. मोठी आता दहाची होईल. मागच्या सुट्टीला गेलो तर दुकानात मला काका म्हणाली, सगळ्यांसमोर. नंतर जीभ चावली तिने. पण म्हणाली ना."

बायको गॅसपाशी पाठमोरी उभी होती. वळली नाही.

मी म्हटलं, "तुझा खांदा गेलाय. दुसऱ्या कुणाला कळत नसेल, पण चेंडू मी घेतो. पहिल्या दोन ओव्हरनंतर माझे हात लाल होत नाहीत आता."

"ठाऊक आहे."

"ते महिन्याभरात ओळखतील."

"ओळखू देत. तोपर्यंत व्हिसा लागला तर लागला. इन्शाल्ला."

तो गेल्यावर बायको म्हणाली, "सोडा त्यांना."

मी म्हटलं, "तुला कळतंय का? तो गेला की वसईकर जाईल. ते दोघं गेले की शुक्रवार गेला. मग तू कुणाला वाढणार?"

"मला कळतंय," ती म्हणाली. "त्यांच्या पोरींना बाप कळू दे की."

त्या घरात शुक्रवार कुणाला हवा असेल तर तो तिला. आणि तीच सांगत होती, सोडा. मग मी कोण अडवणारा. साहेबाला जाऊन सांगितलं, मी मधे येत नाही.

पण दुबईवाले काही आंधळे नव्हते. म्हणाले, आधी एक फ्रेंडली खेळू, तुमच्या ग्राउंडवर. म्हणजे गाडी चालवून बघणार.

आता मॅटचं सांगतो. मॅट सैल अंथरली की चेंडू अडकत येतो आणि स्पिनरचं फावतं. तीच दोन्ही बाजूंनी ओढून, ताणून खिळे ठोकले की सिमेंटवरून चेंडू छातीवर उडतो, आणि साधा बोलरही फास्ट वाटतो. मॅट अंथरायचं काम घरच्या टीमचं. आमच्याकडे ते कॅम्पमधले दोघंतिघं करायचे, झोपेतच, कशीतरी. त्या शुक्रवारी मी त्यांना सांगितलं, झोपा तुम्ही, मी बघतो.

एकट्याने मॅट ताणता येत नाही. समोरून धरायला माणूस लागतो, आणि या कामात टीममधला कुणी नको होता. बायको म्हणाली, मी येते. ती इतकी वर्षं तिथे होती, पण ग्राउंडवर कधी आली नव्हती. बायकांनी यायची पद्धत नव्हती. फटफटत होतं. तिने पदर खोचला, चपला काढल्या आणि मॅटच्या टोकाचा दोर मनगटाला गुंडाळून मागे रेलली. मी घण घेऊन खिळे ठोकत गेलो. मधेच म्हणाली, "अजून ओढू?" मी म्हटलं, "ओढ." दोर करकचला. तिच्या मनगटावर वळ उठला, तो पुढे बरेच दिवस होता. दुबईची गाडी यायच्या आत मी तिला घरी सोडून आलो.

डावखुऱ्याने त्या दिवशी चार ओव्हर टाकल्या. चारच्या वर टाकायला लागल्या नाहीत, कारण त्यांचा एक ओपनर बरगडी धरून बसला. दुबईच्या मॅनेजरने साहेबाचा हात हातात घेऊन हलवला, हबीबी म्हणाला, खलास, डन. वसईकराने पंचवीस-तीस केल्या, तो दुबईवाल्यांना वरची भेट म्हणूनच मिळाला. मी स्टंपच्या मागे होतो. चौथ्या ओव्हरमध्ये चेंडू उडत येत होते, पण जोर नव्हता. तो सगळा मॅटचा होता.

आम्ही फसवलं असं कुणी म्हणेल. म्हणू दे. कंपन्या माणसांची काय किंमत करतात ते मी बघितलंय.

दोघं गेले. तीन पोरं आली. पोरं चांगली होती, हात चालायचे, पण ती टर्फवर वाढलेली. काथ्यावर चेंडू उडाला की तोंड फिरवायची. जेवायला एकदा आली. बायकोने सुरमई केली होती. एकाने मला इंग्रजीत विचारलं की अंकल, इथे शावरमा कुठे चांगला मिळतो. पुढच्या शुक्रवारपासून मॅच संपली की ती परस्पर टॅक्सी धरून जायची. दिवाळीच्या आत एक बँकेत लागला. दुसऱ्याला त्याच्या मामाने शारजाला नेलं. तिसरा राहिला, पण एकटा काय करणार. साहेब म्हणायचा, पेशन्स ठेवा, रिबिल्डिंगला टाइम लागतो. शेवटी शेवटी आमच्यातलाही एक यायचा थांबला आणि आम्ही नऊ जण उतरायचो. समोरच्या टीमकडून दोन फिल्डर उसने घ्यायचो आणि त्यांच्याकडूनच हरायचो.

तिकडे दुबईत डावखुऱ्याला ओळखायला महिना नाही, दोन लागले. मग त्याला बाहेर बसवलं. कामावर होता, खेळात नव्हता. माझ्या बायकोला फोन करायचा. "वहिनी, प्रोबेशनला अजून थोडेच दिवस. त्यांना इलेक्ट्रिशियन तर लागतोच ना?" बायको म्हणायची, "लागतो तर. होईल." फोन ठेवल्यावर मला विचारायची, "होईल ना हो?" 

त्याने घाई केली. दुबईच्या सतवा भागात एक कुटुंब भारतात परत निघालं होतं, त्यांच्याकडून मुलींसाठी दोन मजली पलंग घेऊन ठेवला. वर मोठी, खाली धाकटी. रूममधल्या माणसांनी आरडाओरडा केला म्हणून सुटा करून भिंतीला लावून ठेवला होता.

प्रोबेशन संपायच्या आधीच त्याचा व्हिसा कॅन्सल केला. कारण काय, तर कॉस्ट कटिंग.

मी साहेबाकडे गेलो. म्हटलं, परत घ्या. इलेक्ट्रिशियन म्हणून घ्या, टीमचं राहू दे. साहेबाचं तोंड उतरलं. म्हणाला, "फोरमन, त्याची पोस्टच गेली. मी लिहून दिलं होतं की हा माणूस सरप्लस आहे, तेव्हा कुठे एनओसी निघाली. आता कुठल्या तोंडाने मागू?" त्याने मागितली असती तरी मिळाली नसती. त्याचंही पुढे खरं राहिलं नाही. वर्षभरात तो कतारला गेला. नव्या मॅनेजरने टीमचं बजेट बंद केलं, आणि मॅट कापून कॅम्पच्या दारात पायपुसणी केली.

डावखुरा जायच्या आधी आमच्याकडे आला. वसईकराने त्याला गाडीने आणलं. वसईकराची नोकरी टिकली होती, पण त्या दिवशी त्याला एकही विनोद सुचला नाही. पलंगाचे तुकडे टपावर दोरीने बांधून आणले होते.

"वहिनी, हा विकून टाका कुणाला तरी," डावखुरा म्हणाला. "विमानात तर नेता येत नाही."

बायकोने दोघांना जेवायला वाढलं. त्याने भात दोनदा मागितला. हात धुताना मला म्हणाला, "भाऊ, त्या दिवशी मॅट कुणी बांधली होती? पोरांचं काम नव्हतं ते."

मी बायकोकडे बघितलं. ती ताटं गोळा करत होती.

"वहिनींनी?" तो म्हणाला. मग बराच वेळ नळ चालू ठेवून उभा राहिला.

तो गेल्यावर मी म्हटलं, जाहिरात चिकटवतो सुपरमार्केटच्या बोर्डावर, पलंग लगेच जाईल. ती म्हणाली, आज नको. पुढच्या आठवड्यात गॅरेजमधून आलो तर तिने दुसऱ्या खोलीत पलंग उभा केलेला. पाना कुठून आणला देव जाणे. वर चढायची शिडीसुद्धा नीट बसवली होती. मी विचारलं, कशाला? ती म्हणाली, खोली रिकामी दिसते.

आम्ही अजून चार वर्षं राहिलो तिथे. त्या पलंगावर कुणी झोपलं नाही. खालच्या मजल्यावर ती घड्या केलेले कपडे ठेवायची. वरची चादर महिन्यातून एकदा काढून धुवायची आणि परत घालायची. मी एकदा चिडून म्हटलं, कुणी मळवलीय का ती? ती म्हणाली, धूळ बसते.

शुक्रवारी मग आम्ही दोघंच जेवायचो. मासळी आणणारा ट्रक चालू होता, पण तिने एक पापलेट सांगायला सुरुवात केली. डावखुऱ्याचे एक-दोन फोन आले. तो कुडाळला वायरिंगची कामं करायचा, आणि धाकटी त्याच्याशी बोलत नव्हती. मग नंबर लागेना. आम्ही परत निघालो तेव्हा पलंग खाली कचऱ्याच्या ड्रमपाशी नेऊन ठेवला. तिकडे तशीच पद्धत, ज्याला हवं तो नेतो. मी तो तुकडे करून ठेवणार होतो. ती म्हणाली, "उभाच ठेवा, म्हणजे कळेल पोरांचा आहे." मी उभा ठेवला. एअरपोर्टला निघालो तोवर कुणी नेला नव्हता.