माझा पाय चुकत नव्हता

माझी गाडी अठरा वर्षांची आणि मी एकाहत्तर. दोघींपैकी आधी कोणाला अडगळीत टाकायचं, एवढाच प्रश्न मुलासमोर उरला होता.

गाडी मधूनच बंद पडायची. चांगली चाललेली असताना इंजिन गप्प, आणि चावी परत फिरवली की लगेच सुरू. एकदा कर्वेनगरच्या गल्लीत, एकदा थेट हडपसरच्या पुलावर. गॅरेजवाल्याने प्लग बदलले, पेट्रोलचा पंप बदलला, गाडी दोन-दोन दिवस ठेवून घेतली. त्याच्या हातात ती एकदाही बंद पडली नाही. मग त्याने माझ्या मुलाला फोन करून निदान सांगितलं: आजी क्लच नीट दाबत नाहीत, वय झालं की पाय चुकतो.

रविवारी मुलगा हिंजवडीहून आला तो गाडीला गिऱ्हाईक ठरवूनच. पुढच्या रविवारी दुपारी माणूस गाडी न्यायला येणार होता. मला विचारायची गरज त्याला वाटली नव्हती. हडपसरला माझी थोरली बहीण अंथरुणाला खिळलेली आहे. आठवड्यातून तीनदा जाऊन मी तिला न्हाऊ घालते, तिची वेणी घालते. रिक्षाने जात जा, मुलगा म्हणाला. मला राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. खरंच चुकत असेल का पाय?

पस्तीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. आधी निरीक्षण, मग मत, हे पोरांना घोकून घोकून सांगितलं. सोमवारपासून गाडी बंद पडली की वहीत लिहायला लागले. तीनदा पडली, तिन्ही वेळा खड्ड्यात किंवा गतिरोधकावर, आणि तिन्ही वेळा इंजिनाबरोबर रेडिओही बंद. मग मी सोसायटीच्या आवारात मुद्दाम क्लच झटकन सोडून पाहिला. इंजिन बंद पडलं, पण रेडिओवरच्या बाई शेतकऱ्यांना फवारणीचा सल्ला देत राहिल्या. म्हणजे दोष पायाचा नव्हता. चावीपाशीच कुठेतरी वीज तुटत होती.

मग गॅरेजवाल्याकडे का तुटत नव्हती? मी सोसायटीची सेक्रेटरी आहे. माझ्या जुडग्यात गाडीच्या चावीबरोबर पंपाची खोली, गच्ची, मीटरची खोली, सूचनाफलकाची काच अशा चौदा चाव्या, वर पितळी गणपती. गच्चीची चावी एकदा हातची सुटली की तिथे कोणाचे पापड वाळतील याचा नेम नाही, म्हणून हा जुडगा मी ब्रह्मदेवालाही देत नाही. गॅरेजात गाडीची चावी तेवढी सोडवून द्यायचे. शुक्रवारी आणि शनिवारी तशीच सुटी चावी लावून हडपसरला जाऊन आले. गाडी एकदाही बंद पडली नाही.

रविवारी सकाळी मुलाला घेऊन गॅरेजात गेले. गॅरेजवाल्याला चालवायला बसवलं आणि जन्मात पहिल्यांदा अख्खा जुडगा दुसऱ्याच्या हाती दिला. पहिल्या गतिरोधकावर काही झालं नाही. दुसऱ्यावरही नाही. मागे बसलेला मुलगा घड्याळ बघत होता. कालव्याच्या अलीकडे खड्डा आला आणि इंजिन, रेडिओ, सगळं एकदम शांत झालं. गॅरेजवाला स्टिअरिंग धरून बसून राहिला.

"अहो, तुमचं वय काय?" मी विचारलं.

"चौतीस," तो म्हणाला.

गाडी गॅरेजात परत आणली. चावीमागचा स्विच त्याने उघडला, तर जुडग्याच्या वजनाने आतून झिजलेला. एवढं ओझं कोणी लटकवतं का, आजी, असं तो म्हणाला. त्याचं बरोबर होतं. चूक माझीच होती आणि ती मी तिथल्या तिथे कबूल केली. पण ती पायाची नव्हती.

नवा स्विच बसेपर्यंत मी मुलाला त्या गिऱ्हाइकाला फोन करायला लावला, माझ्यादेखत. गाडी तयार झाली तसा मुलगा सवयीने ड्रायव्हरच्या दाराकडे वळला.

"तिकडे नाही, माझ्या शेजारी बस," मी म्हणाले. "मावशीकडे जाऊन येऊ."

गाडीची चावी सोडवून घेतली, चौदा चाव्यांचा जुडगा त्याच्या मांडीवर ठेवला आणि गाडी सुरू केली. त्याने पट्टा लावला आणि समोर बघायला लागला.

"रस्ता मी बघते," मी म्हणाले. "तू हडपसरपर्यंत माझ्या पायाकडे बघ."