‘म’वर अडलेला साखरपुडा

स्क्रीनवर ‘म’ आलं आणि हॉल गप्प झाला.

राहात्याच्या एका मंगल कार्यालयात साखरपुडा होता. अंगठ्या घालून झाल्या होत्या, जेवणं उरकली होती. मुलाकडचे राहात्याचेच. मुलीकडचे मिनीबस करून जामखेडहून आलेले. आता दोन्हीकडच्या मंडळींनी भेंड्या खेळायच्या होत्या आणि त्या चालवायला मी होतो.

माझा व्यवसाय कराओकेचा. गाण्यातला गायकाचा आवाज काढून उरलेलं संगीत वाजवायचं, स्क्रीनवर शब्द दाखवायचे, गायचं मात्र पाहुण्यांनी. त्या नुसत्या संगीताला आम्ही ट्रॅक म्हणतो. बहुतेक ऑपरेटर ट्रॅक पिक्चरच्या नावाने लावून ठेवतात. मी पहिल्या अक्षराने लावतो, कारण मला भेंड्यांच्या ऑर्डरी जास्त येतात. अक्षर पडलं की तो फोल्डर उघडायचा, गाणाऱ्याला झेपेल अशी पट्टी, म्हणजे सूर, लावायचा आणि ट्रॅक सोडायचा. सुरुवातीचा आलाप धरायचा नाही, पहिल्या शब्दापासून मोजायचं. म, मा, मी, मे सगळं ‘म’मध्येच. त्यामुळे ‘म’चा फोल्डर माझ्याकडे सर्वांत मोठा. चारशेच्या वर गाणी आहेत.

त्यातलं एकही मिनीबसभर माणसांना आठवत नव्हतं.

मी दहा आकडे मोजले. नियमाप्रमाणे अक्षर मुलाकडच्यांना गेलं. तेही गप्प. मुलाचे काका वर पंख्याकडे बघत बसले. मी माइक तपासला. चालू होता. ‘त’ दिलं. काही नाही. ‘क’ दिलं, तेव्हा मुलीकडच्या एका बाईंनी तोंड उघडलं. शेजारणीने त्यांच्या मांडीवर हात ठेवला आणि तोंड मिटलं.

माझ्या टेबलामागेच मुलाची आई बसली होती. ती बहिणीला हळू म्हणाली, “पोरीकडचे तोंड उघडीनात. त्यांच्या मनात न्हाई का काय ही सोयरीक?”

“मला सकाळपास्नं तसंच वाटतंय. त्यांच्या मामानं जिलबीला हातबी लावला न्हाई.”

“त्यांना शुगर हाय.”

“तरीपन.”

मुलगी पलीकडच्याच खुर्चीवर होती. तिने ऐकलं असावं, कारण तिचा चेहरा उतरला. ठरलेलं लग्न भेंड्यांमुळे बिघडताना मी कधी पाहिलं नव्हतं. इथे ते व्हायला लागलं होतं आणि दोष कशात आहे तेच मला कळेना. यंत्र ठीक. अक्षरं सोपी. माणसंही काही मुखदुर्बळ नव्हती. जेवताना याच लोकांनी इतका गोंगाट केला होता की मला सनईचा आवाज वाढवावा लागला.

मुलीचे वडील पाणी प्यायच्या निमित्ताने माझ्या टेबलाशी आले.

“भाऊ, आमाला जरा अवघड अक्षरं टाका.”

“तुम्हाला सोपीच येईनात.”

“येत्यात की. आमच्या बायका भेंड्यात कुनाला ऐकत न्हाईत. दम देऊन बसवल्यात. पोरीकडचे हाओत आमी. पहिल्याच दिवशी सासरच्यांना हरवलं तर टोमणे पोरीला.”

ते वळले नाहीत तोच मुलाचे काका आले.

“ऑपरेटर, पाव्हन्यांना जिंकू द्या बरं का. लांबून आल्यात. घरी बोलवून हरवलं म्हनतील.”

“मग त्यांना अडवू नका.”

“आमी कुटं अडवतोय? आमी तर तोंडच उघडत न्हाई.”

दोघांचंही म्हणणं रास्त होतं. दोघंही माझे गिऱ्हाईक. दोघांनीही कानात सांगितलेलं. पण भेंड्यांत एका बाजूने हरायला दुसऱ्या बाजूने गावं लागतं, आणि इथे गायला कोणीच तयार नव्हतं. हा हिशेब मी कसाही मांडला तरी जुळेना. न सुचून मी ‘स’ टाकलं. पुन्हा शांतता.

मुलाची आई उठली. पदर खोचत बहिणीला म्हणाली, “चल, आवरायला घेऊ. त्यांना गोडी न्हाई, तर आपुन तरी कशाला?”

तेवढ्यात मुलगी माझ्याकडे आली.

“काका, मशीन बिघडलंय का?”

“नाही.”

“मग?”

मला खोटं बोलता येत नाही. “तुमच्या वडिलांना हरायचंय. मुलाच्या काकांनाही हरायचंय.”

तिने दाराकडे निघालेल्या मुलाच्या आईकडे पाहिलं. “आणि सासूबाईंना वाटतंय, आमच्या घरचे रुसलेत.”

“हो.”

तिने माइक उचलला. “ऐका सगळे. आता दोन्हीकडच्यांनी एकाच बाजूला बसायचं. समोर मी आणि सागर. आम्हाला हरवून दाखवा.”

सागर म्हणजे नवरा मुलगा. तो हळूच म्हणाला, “मला चारच गाणी येतात.”

“असू दे.”

खुर्च्या सरकल्या. मी पुन्हा ‘म’ टाकलं. मघाशी मांडीवर हात पडलेल्या बाई आता कोणाला विचारायला थांबल्या नाहीत. दुसऱ्या ओळीवर त्या अडल्या. तेव्हा दाराशी पोचलेल्या मुलाच्या आईने ती ओळ उभ्यानेच पुरी केली आणि मग त्यांच्या शेजारी येऊन बसली. कडवं दोघींनी मिळून म्हटलं. पट्टी दोघींची वेगळी होती. मी मधली लावली.

सागरची चारही गाणी ‘त’ने सुरू होणारी निघाली. नवरानवरी सपाटून हरली.

मी वायरी गुंडाळत असताना मुलीचे वडील आले. “भाऊ, ऐकलंत आमचं. पोरगी हरली. झ्याक झालं.”

पाठोपाठ काका. “पाव्हने जिंकले. बेस झालं.”

मी दोघांनाही हो म्हटलं. मुलगी हरली होती, पाहुणे जिंकले होते. नेमकं कोणाकडचं कोण जिंकलं, हे मला अजून नीट मांडता येत नाही.

तेव्हापासून साखरपुड्याच्या भेंड्यांची ऑर्डर घेताना मी फोनवर आधी विचारतो, हरायचं कोणाकडच्यांना आहे? लोक हसतात. पण उत्तर मिळाल्याशिवाय मी तारीख धरत नाही.