फुशियाची वाळलेली फुलं

हडपसरच्या नर्सरीतल्या त्या काकूंचं नाव मी विचारलं नाही. आई पहिल्यांदाच माझ्या पुण्यातल्या घरी येणार होती आणि तिला दाखवायला आणलेलं फुशियाचं झाड फुलायचं थांबलं होतं. म्हणून मी कुंडी घेऊन गेलो आणि काकूंना हे सगळं सांगितलं.

काकू माझ्याकडे न बघता कुंडीकडे बघून बोलत होत्या. “वाळलेली फुलं खुडत नाही का?”

“आमच्याकडे देवापुरतंच फूल तोडतात.”

त्यांनी एकेक वाळलेलं फूल मागच्या फळासकट नखानं खुडून माझ्या हातावर ठेवलं.

“अहो, फळं धरल्यावर झाड फुलं कशाला काढेल? आई कधी येणार?”

“रविवारी.”

“पुढच्या महिन्यात बोलवा. तोवर नवी फुलं येतील.”

मी नर्सरीच्या दारातूनच आईला फोन करून पुढच्या महिन्यात यायला सांगितलं. तिनं कारण विचारलं नाही. शिकलेला मुलगा सांगतोय म्हणजे काहीतरी असेलच, म्हणाली.