चिकलठाण्याची फाईल कन्नडला

मोतीराम काळवणे मूळचा टेलिफोनच्या तारा ओढणारा कंत्राटी कामगार. खांबांवर चढून चढून गुडघे बोलायला लागले, तसा चाळिशी उलटल्यावर तो कॉम्प्युटरच्या वायरींकडं वळला. उस्मानपुऱ्यात एका जिन्याखाली टेबल टाकून तो लहानसहान ऑफिसांची नेटवर्कं सांभाळू लागला. शिक्षण दहावी, बाकी सगळं हातानं करून आलेलं.

चिकलठाण्यात हिमांशू धानोरकरांचं साच्यांची ड्रॉइंगं काढणारं सहा माणसांचं ऑफिस होतं; तिथलं नेटवर्कही त्याच्याकडंच. तिथली जुनी ड्राफ्ट्समन सुलेखा. कन्नडला तिची आई पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि सुलेखाला तिच्याजवळ राहणं भाग पडलं, तेव्हा मोतीरामच पुढं झाला. "साहेब, व्हीपीएन टाकून देतो. इंटरनेटातनं आपल्यापुरती बंद वाट. ताई घरी बसून इथल्या फायली उघडतील."

तीन आठवडे मोबाइलच्या नेटवर काम छान चाललं. मग सुलेखानं घरी फायबरचं कनेक्शन घेतलं, आणि त्या दिवसापासून व्हीपीएन जोडलेलं दिसे, पण ड्रॉइंगचं फोल्डर काही उघडेना.

मोतीरामनं दोन दिवस फोनवरून पासवर्ड बदलून पाहिला, सगळं काढून परत टाकलं. शेवटी वैतागून म्हणाला, "ताई, तुमच्याच हातून कायतरी भलतं दाबलं गेलं असंल." सुलेखानं फोन ठेवून दिला.

तिसऱ्या दिवशी हिमांशूंनी त्याला बोलावून घेतलं. "काळवणे, असं किती दिवस चालायचं? सोमवारपासून ताईंना इथं यावं लागेल, नाहीतर मला दुसरं माणूस बघावं लागेल."

त्या रात्री मोतीरामला जेवण गोड लागलं नाही. सकाळीच चिकलठाण्याचं ऑफिस गाठून त्यानं सुलेखाला फोन लावला.

"ताई, जरा मोबाइलचं नेट लावून बघा."

"उघडलं की, भाऊ."

"आता परत फायबर लावा."

"बंद."

"मंग लॅपटॉपमधी खोट नाय. फायबरवर असताना त्याचा नेटवर्कातला नंबर काय दिसतो, वाचा बरं."

ती एकेक आकडा वाचू लागली, आणि मोतीरामची नजर समोरच्या राऊटरवर चिकटवलेल्या कागदावर गेली. शेवटचा आकडा सोडला तर तीच मालिका. ऑफिसचा आणि तिच्या घरचा, दोन्ही राऊटर कारखान्यातून एकाच मालिकेनं आलेले. ऑफिसातल्या फायलींच्या कॉम्प्युटरचा शेवटचा नंबर दहा. विचारपूस केली तर कन्नडच्या घरात दहा नंबरावर टीव्ही बसलेला. लॅपटॉप बिचारा दहा नंबर घरातच शोधत होता, चिकलठाण्यापर्यंत येईल कशाला?

मोतीरामला हसू आलं, आणि लगेच तो ओशाळला. ऑफिसची मालिका बदलायचं काम पहिल्याच दिवशी त्याचं होतं. तो उठून हिमांशूंच्या टेबलापाशी गेला.

"साहेब, चूक माझी हाय. ताईंच्या घरचा नंबर बदलून भागंल, पण उद्या दुसऱ्या कुणाच्या घरी हेच व्हईल. इथलाच बदलतो. जेवणाच्या सुट्टीत तासभर द्या."

हिमांशूंनी घड्याळ पाहिलं. मग म्हणाले, "घ्या उरकून."

तासाचा सव्वा तास झाला. कॉम्प्युटर निमूट वळले, प्रिंटर रुसून बसला, आणि हजेरीचं यंत्र तर त्याच्या ध्यानातनंच गेलं होतं. जेवून आलेली माणसं अंगठा दाबत दाराशी खोळंबली. तेही सुरळीत करून त्यानं सुलेखाला नवा नंबर सांगितला.

"ताई, परवा तुमच्यावर उगाच ढकललं. मनात ठेवू नका."

"थांबा भाऊ... फोल्डर उघडलं. ड्रॉइंगसुद्धा उघडलं."

मागून तिच्या आईचा आवाज आला, "कोण हाय गं?"

"ऑफिसातले मोतीरामभाऊ."

"त्यांना म्हनावं, बाजाराच्या दिवशी या जेवायला."

"येतो म्हणून सांगा," मोतीराम म्हणाला.

सोमवारी सुलेखा कन्नडलाच राहिली, काम मात्र वेळेत आलं. मोतीरामनं त्याच आठवड्यात आणखी दोन ऑफिसांना आपणहून फोन केला. त्यांचे राऊटरही त्यानं कारखान्याच्याच नंबरावर ठेवले होते. "कायबी बिघडलं नाय," तो त्यांना सांगत होता, "पण बिघडायच्या आधी एक चक्कर मारतो."